काकू समोर बसल्या की

काकू ज्याच्या समोर येऊन जेवायला बसतात, त्याची नोकरी आठवडाभरात जाते, असं आमच्या गोडाऊनमध्ये सगळे म्हणत. मी तिथं एचआरमध्ये होते. अशी बोलणी एचआरपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतात. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मला हसू आलं नाही. काढायच्या माणसांची यादी मीच करत होते आणि लोक म्हणतात ते खरं आहे, हे मला दिसत होतं.

आमचं गोडाऊन वळ गावाच्या हद्दीत. लोकांनी फोनवरून मागवलेले कपडे, चपला, खेळणी, भांडी तिथून जात आणि नको झाली की तिथंच परत येत. एवढ्या अवाढव्य इमारतीला एक खिडकी नव्हती. आत शिरलं की बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, काही कळत नसे. विजेची बचत म्हणून दिवे असे बसवले होते, की खाली माणूस हलला की लागायचे आणि हालचाल थांबली की थोड्या वेळानं आपोआप विझायचे. लांबून बघितलं तर उंच रॅकांमधल्या गल्ल्यांतून उजेडाचा एकेक तुकडा माणसाबरोबर चालताना दिसे. माणूस पुढे गेला की मागे पुन्हा अंधार.

काकूंचं काम अगदी टोकाला, परत आलेल्या मालाच्या विभागात. आलेलं पार्सल उघडायचं, वस्तू धड आहे का बघायचं, परतीचं कारण नोंदवायचं, की पुढचं. त्या हे काम इतकं संथपणे, जागच्या न हलता करत, की त्यांच्या डोक्यावरचा दिवा विझून जाई. त्यांना त्याचं काही नसे. समोरच्या पडद्याच्या उजेडात चाचपत काम चालूच. मी त्या बाजूला गेले की माझ्या पावलांनी दिवा लागे आणि काकू एकदम समोर दिसत, माझ्याकडेच बघत असलेल्या. पहिल्या वेळी मी चक्क किंचाळले होते.

"अगो, मीच हाय," त्या म्हणाल्या. "भुताला कंपनी जाकीट देते काय?"

ते केशरी चमकदार जाकीट त्या साडीवर घालत. पायात कंपनीचे जड बूट. हातात मात्र सोन्याच्या जाड पाटल्या. कारण काकू काही गरजेपोटी आलेल्या नव्हत्या. ज्या जमिनीवर गोडाऊन उभं होतं त्यातला एक तुकडा त्यांच्या सासऱ्यांचा. व्यवहारात घरटी एक नोकरी ठरली होती. मुलांना ती नको होती. त्यांची तीन मजली घरं, गाड्या, धंदे उभे राहिले होते. म्हणून काकूच येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. मुलाखतीत मी विचारलं होतं, "काकू, तुम्हाला काय कमी आहे? कशाला हा त्रास?"

"घरान सगल्यांना आपापली खोली हाय," त्या म्हणाल्या. "माणसा जिन्यावर भेटतात."

परत आलेल्या वस्तूंवर त्यांचं काहीतरी वेगळंच चाले. साडी उलगडायच्या, वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ही नेसली हाय. नेसून रडली हाय." बूट हातात घेऊन म्हणायच्या, "हा मानूस चालायचा राहिला." बाजूच्या मुली आधी हसायच्या, मग हळूहळू त्यांच्यापासून चार हात लांबचं टेबल पकडायच्या. एकदा तान्ह्या बाळाचे कपडे परत आले. सगळे न उघडलेले, बारा जोड. कारण लिहिलं होतं, गरज नाही. काकूंनी ते पुन्हा विक्रीला पाठवायला नकार दिला. एका रिकाम्या क्रेटमध्ये घडी करून ठेवले आणि वरून स्वतःचा स्वच्छ रुमाल पांघरला. सिस्टिममध्ये माल अडकल्याची लाल खूण दिसू लागली, तसा त्यांचा सुपरवायझर माझ्याकडे आला. मी गेले.

"काकू, हे पुढे पाठवायला हवं."

"एक दिस राहू दे ना. यांच्या घरान पाळणा बांधायचा राहिला. लगेच दुसऱ्याला विकायचा?"

मी एक दिवस राहू दिलं. तेव्हा मी अजून तशी होते.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं सगळेच तसे होते. माझे वडील कामतघरच्या एका शाळेत कारकून. घरी येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची, हे मी त्यांच्याकडून उचललं होतं आणि त्याच भांडवलावर एचआरमध्ये आले होते. सकाळी मी गोडाऊनमधून एक फेरी मारायचे. बाळ कसं आहे, आईचा गुडघा बरा का, गावाहून कधी आलास. दसऱ्याला माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांना झेंडूचे हार घालायचो. कुणी आजारी पडलं तर त्याच्या टेबलाचं काम दोघं वाटून घ्यायचे आणि मला कळूसुद्धा द्यायचे नाहीत.

मग वरची माणसं बदलली. हार बंद झाले, आगीचा धोका म्हणून. भिंतीवर मोठे पडदे आले, त्यांवर प्रत्येकाचा नंबर आणि ताशी किती माल उचलला तो आकडा. हातातला स्कॅनर थोडा वेळ थांबला की लाल होऊन थरथरू लागे. जेवणाची सुट्टी आखडली. कुणाला दोष द्यायचा म्हटलं तर हाताला काही लागत नाही. कुणी कुणाशी भांडलं नाही. फक्त हळूहळू लोक एकमेकांचं नाव घेईनासे झाले. एखादा कामावरून गेला तर दुसऱ्या दिवशी त्याचा स्कॅनर दुसऱ्याच्या हातात असे आणि शेजारचा मान वर करून बघतही नसे. जेवताना प्रत्येकाच्या पुढ्यात डबा आणि डब्याला टेकवलेला मोबाईल. दोनशे माणसं जेवत असायची आणि ऐकू यायचे ते फक्त निरनिराळ्या फोनमधले आवाज.

याच काळात दर महिन्याला यादी होऊ लागली. सोमवारी वरून आकडा येई, इतकी माणसं कमी करा. शिफ्टचे इन्चार्ज आणि मी मिळून नावं पक्की करायचो. शनिवारी शिफ्ट सुटताना त्या माणसाला माझ्या केबिनमध्ये बोलवायचं, दोन वाक्यं बोलायची, ओळखपत्र काढून घ्यायचं. मधल्या पाच दिवसांत कुणाला वास लागता कामा नये, असा सक्त नियम.

आणि काकूंना वास लागत होता.

मला हे सांगितलं राकेशनं. हा पॅकिंगमधला, बोलघेवडा, उत्तर प्रदेशातून आलेला आणि मराठी समजणारा. "मॅडम, वो जिसके सामने टिफिन खोलती है ना, उसका पत्ता कटता है. संतोष, फिर वो शहापूरवाली लडकी, फिर दोनो भाई. लिख लो."

मी उडवून लावलं. पण पुढच्या यादीच्या वेळी मुद्दाम कँटीनमध्ये गेले. सहा नावं होती. मंगळवारी काकू आपला स्टीलचा डबा घेऊन आल्या, टेबलांमधून सावकाश चालत गेल्या आणि नीलिमाच्या समोर बसल्या. नीलिमा यादीत दुसरी. काकूंनी तांदळाची भाकरी मोडली, अर्धी नीलिमाच्या डब्याच्या झाकणावर ठेवली, वर सुकटीची चटणी ठेवली. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "हळू जेव. घाई कसली?" बुधवारी त्या यादीतल्या चौथ्यासमोर होत्या. गुरुवारी पहिल्यासमोर.

मी संगणकाचा पासवर्ड बदलला. माझी मेल दुसरं कुणी उघडतं का, ते तपासून घेतलं. कुणीच उघडत नव्हतं. पुढच्या महिन्यात मी एक नाव कुठे लिहिलंच नाही. इन्चार्जला म्हटलं, हे आपल्या दोघांतच ठेवू, शुक्रवारी टाकू. ते नाव होतं रॅकवर माल लावणाऱ्या एका अबोल माणसाचं, ज्याच्याकडे एरवी कुणाचं लक्षही जात नसे. मंगळवारी दुपारी मी कँटीनच्या दारातून बघितलं. काकू त्याच्यासमोर बसून भाकरी मोडत होत्या.

तोवर सगळ्यांनी धसका घेतला होता. काकू कँटीनच्या दारात आल्या की फोनचे आवाज एकेक करून बंद होत. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर पटापट बॅगा पडत. त्या टेबलांमधून चालू लागल्या की ज्या रांगेजवळून जात तिथल्या माना खाली जात, त्या पुढे गेल्या की वर येत. वारं भाताच्या शेतावरून जावं तसं. कुणीतरी पुटपुटे, "इधर मत आ, इधर मत आ." आणि ज्याच्यासमोर त्या थांबत त्याचे शेजारी आपले डबे उचलून सरळ दुसरीकडे जात. म्हणजे तो माणूस तिथंच एकटा पडे. समोर फक्त काकू.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"काकू, तुम्ही जेवायला कुठे बसता?"

"जागा असेल तिथं."

"लोक तक्रार करतायत."

"काय म्हनून? जेवते म्हनून?"

"तुम्ही ज्याच्यासमोर बसता..." पुढचं वाक्य मला पूर्ण करता येईना. केलं तर यादी असते, हे कबूल करावं लागलं असतं.

त्यांनी माझ्या टेबलावरच्या बंद डब्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तू जेवलीस काय गो?"

दुपारचे तीन वाजले होते आणि मी जेवले नव्हते. "हो," मी म्हटलं.

त्यानंतरच्या महिन्यात दत्ताचं झालं.

दत्ता फोर्कलिफ्ट चालवायचा. शेलार गावचा, चाळिशीतला, कामाला चोख. त्याचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं, कधी येणारही नव्हतं. आणि काकू एका सोमवारी त्याच्यासमोर जाऊन बसल्या. मला, खोटं का बोलू, आनंद झाला. चुकल्या! सगळा योगायोग होता तर. राकेशलाही मी म्हटलं, "बघ, दत्ताला कोण काढतंय?" मंगळवारीही त्या दत्तासमोरच बसल्या, बुधवारीही. दत्ताचे मित्र त्याला सोडून उठून गेले. तो कसंनुसं हसत त्यांची भाकरी खात होता.

गुरुवारी सकाळी मोठ्या सेलची धांदल होती. दत्ताची गाडी चार्जिंगला लावलेली. तो चालत एका गल्लीतून येत होता आणि मध्येच खाली बसला, मग आडवा झाला.

पुढचं मी कॅमेऱ्याच्या चित्रणात बघितलं. अपघाताचा अहवाल मलाच लिहायचा होता. चित्रणात आवाज नसतो. दत्ता पडतो, पाय एकदा हलतो, मग हलत नाही. थोड्या वेळानं त्याच्यावरचा दिवा विझतो. पडदा काळा. मग दिवा लागतो, कारण ट्रॉली घेऊन एक मुलगा येतो. तो थबकतो, हातातला स्कॅनर बघतो, ट्रॉली दत्ताच्या बाजूनं वळवून पुढे जातो. दिवा विझतो. पुन्हा लागतो. एक मुलगी. ती खाली वाकून बघते, मागे बघते, जाते. अंधार. उजेड. आणखी एक जण. अंधार. असे नऊ जण गेले. नऊ वेळा तो दिवा लागला आणि नऊ वेळा दत्ता त्याच जागी, तसाच होता.

नंतर मी त्या नऊ जणांना एकेक करून विचारलं. कुणीही वाईट नव्हतं. ती मुलगी रडत म्हणाली, "मॅडम, मला वाटलं, मागून येतंय ते कुणीतरी थांबेल." प्रत्येकाला मागून येणारा कुणीतरी दिसत होता.

दहाव्या उजेडात काकू आल्या. त्यांचा विभाग इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या बाजूचंही चित्रण काढून बघितलं. त्या अंधारात टेबलाशी बसलेल्या आहेत, हातात कुणाचा तरी परत आलेला शर्ट आहे. मग त्या शर्ट खाली ठेवतात, उठतात आणि चालू लागतात. कुठेही न थांबता, न वळता, एवढ्या गल्ल्यांतून नेमक्या त्याच गल्लीत. त्या येऊन खाली बसल्या, दत्ताचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडानं हाका मारत असाव्यात. गल्लीच्या दोन्ही तोंडांना बघत ओरडल्या. कुणी आलं नाही. त्या बसून राहिल्या तसा दिवा विझला. मग काळ्या पडद्यावर एकदम उजेड झाला आणि दिसलं, की काकूंनी एक हात वर करून हलवला होता. पुन्हा अंधार. पुन्हा हात. दिवा विझू नये म्हणून त्या बाईनं मदत येईपर्यंत एका हातानं दत्ताला धरलं होतं आणि दुसरा हात वर हलवत ठेवला होता, कुणाला तरी निरोप देतात तसा.

दत्ता दवाखान्यात पोचण्याआधी गेला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये राकेश मला म्हणाला, "खा गई उसको." त्यानं आवाज खाली केला नव्हता. काकू तीन टेबलं पलीकडे होत्या.

आठवड्याभरात माझ्या टेबलावर अर्ज आला. या बाईंमुळे कामगारांत भीतीचं वातावरण आहे, त्यांना दुसरीकडे हलवावं किंवा कमी करावं. खाली सह्याच सह्या. मी शांतपणे वाचत गेले. त्या नऊ जणांच्या सह्या होत्या. नऊच्या नऊ. दत्ताच्या मित्रांच्या होत्या. नीलिमाच्या जागी आलेल्या मुलीची होती, तिला काकूंचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तिनं कुणाला तरी विचारून ते सहीशेजारी लिहिलं होतं, चुकीचं.

वरच्यांना निमित्त हवंच होतं. जमिनीच्या बदल्यातल्या नोकऱ्या त्यांना डोईजड झाल्या होत्या. मी काकूंच्या मुलाला फोन केला. त्याच्या बसगाड्या आमच्या कामगारांची ने-आण करत. मला वाटलं, तो तरी आरडाओरडा करील.

"बरं झालं मॅडम," तो म्हणाला. "आता घरी बसेल. आम्हालाच लोक नावं ठेवतात."

सोमवारी मी काकूंचं नाव यादीत टाकलं. त्या महिन्यात तेवढं एकच नाव होतं.

मंगळवारी दुपारी काकू डबा घेऊन कँटीनच्या दारात उभ्या राहिल्या. फोन बंद झाले. बॅगा खुर्च्यांवर आल्या. त्या चालू लागल्या. या वेळी फार सावकाश, प्रत्येक टेबलापाशी किंचित रेंगाळत, जणू सगळ्यांकडे एकदा बघून घेत होत्या. कोपऱ्यात आम्हा ऑफिसवाल्यांचं टेबल. त्या तिथवर आल्या. माझ्यापासून दोन हातांवर थांबल्या. मी मोबाईलमध्ये तोंड घातलं. पडद्यावर काय होतं ते आठवत नाही, त्यांच्या बुटांची टोकं आठवतात. ती टोकं थोडा वेळ माझ्याकडे वळलेली होती. मग वळली.

भिंतीशी एक टेबल रिकामं होतं. काकू तिथं जाऊन बसल्या. एकट्या. डबा उघडला, भाकरी मोडली. अर्धी झाकणावर ठेवली. सावकाश जेवल्या, आणि मग झाकणावरची अर्धीही खाल्ली.

आज कुणासमोरच बसली नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं तशी कँटीनभर एक हलकी कुजबुज उठली. मग कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. राकेशनं कुणाच्या तरी हातावर टाळी दिली. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत माणसं एकमेकांशी बोलत होती. त्या दोनशे माणसांत एका मला माहीत होतं, की काकू चुकलेल्या नाहीत. मी उठून त्यांच्यासमोर जाऊन बसू शकत होते. पंधरा पावलं होती. मी डबा बंद केला आणि केबिनमध्ये आले.

शनिवारी त्यांनी ओळखपत्र स्वतःच गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. माझी दोन वाक्यं ऐकून घेतली. जाकिटाची नीट घडी घातली. "धुऊन आनलंय," म्हणाल्या आणि गेल्या.

चारेक महिन्यांनी एका कागदावर त्यांची सही राहिल्याचं निघालं. शिपायाला पाठवता आलं असतं. मी स्वतः गेले. गावातलं ते तीन मजली घर, दाराशी दोन गाड्या, आत सगळीकडे गार पडलेली फरशी. बेल वाजवली तर एका बंद दारामागून टीव्हीचा आवाज, दुसऱ्यामागून कुणाचं तरी फोनवर बोलणं. कुणी बाहेर आलं नाही. मी घराला वळसा घालून मागे गेले. तिथं पत्र्याची एक शेड होती, चूल होती. काकू खाटेवर मासळी वाळत घालत होत्या. माझ्याकडे पाठ होती.

"ये गो," त्या वळायच्या आधीच म्हणाल्या.

सही झाली. चहा झाला. मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी म्हटलं, "काकू, एक सांगा. तुम्हाला कसं कळायचं? मी कुणालाच काही सांगितलेलं नसायचं. एकदा तर लिहिलंही नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जसं एखाद्या मुलानं आपलंच नाव विचारावं.

"तूच तर सांगायचीस."

"मी?"

"सकालची फेरी मारायचीस ना. कसा हाईस, बाल कसा हाय. सगल्यांना बोलायचीस. आनि सोमवारपासून एकदोघांना न्हाय बोलायचीस. त्यांच्याजवल आलीस की मोबाईल काडायचीस. त्या संतोषच्या पोराला ताप होता, तू रोज विचारायचीस. एक दिस त्याच्या बाजूनं अशी गेलीस, जसा तो तिथं न्हायच." त्यांनी एक मासा उलटा केला. "मना वाटायचा, हा तर मेला हिच्यासाठी. याला कोनीतरी जेवायला सोबत पायजे."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं आणि मला थंडी वाजत होती.

"आणि दत्ता? त्याचं नाव तर नव्हतं."

"त्याच्या छातीन दुखत होता. दवाखान्यात जायला सुट्टी मागितलेली त्यानं. तुझ्याकडंच आलेला."

आला होता. सोमवारी सकाळी. दारात उभा राहून म्हणाला होता, मॅडम, छातीत जळजळतंय दोन दिवस, अर्धा दिवस मिळेल का. मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं होतं, सेल होऊ दे ना दत्ता, चारच दिवस आहेत. हे मी अहवालात लिहिलं नव्हतं. कुणाला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्या क्षणापर्यंत मला आठवतही नव्हतं.

"त्या दिवशी तुम्ही उठून सरळ त्याच्यापाशी कशा आलात?" "तुम्हाला तर तिथून काहीच दिसत नव्हतं."

काकूंनी खाटेवरची मासळी हातानं सारखी केली.

"ते मना ठाव न्हाय," त्या म्हणाल्या. "उठले आनि चालले."

मी निघताना त्यांनी मला थांबवलं नाही. रागही दिसला नाही. तो दिसला असता तर बरं झालं असतं.

लोकांना ही हकीकत सांगितली की त्यांना वाटतं, मी त्यानंतर नोकरी सोडली असेल. मी सोडली नाही. घरी आले, दोन रात्री झोप लागली नाही, तिसऱ्या रात्री लागली. सोमवारी वरून आकडा आला. मी नावं पक्की केली. आणि मंगळवारी सकाळी फेरी मारताना यादीतल्या पहिल्या माणसापाशी मुद्दाम थांबले. मोबाईल खिशात ठेवला. त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "काय रे, वडील कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन झालं का?" तो खुलला. पाच मिनिटं बोलला. शनिवारी मी बोलावलं तेव्हा त्याला इतका धक्का बसला, की तो खुर्चीचे हात धरून नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मला वाटलं होतं, मी काकूंकडून माणसाशी माणसासारखं वागायला शिकले. प्रत्यक्षात मी लपवायला शिकले. पहिले काही महिने जड गेलं. मग सवय झाली. आता मी सगळ्यांशी अगदी सारखं बोलते. मुलांची नावं मला पाठ आहेत. कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते मी लिहून ठेवते. यादीतला कोण आणि यादीबाहेरचा कोण, हे माझ्या चेहऱ्यावरून आता कुणालाही कळत नाही. यादीचा आठवडा शांत जातो. वरच्यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी मला बढती दिली. आता मी आमच्या सगळ्या गोडाऊनच्या साहेब लोकांना प्रशिक्षण देते. नजर कशी मिळवायची, घरच्यांची चौकशी कशी करायची, आवाज कुठे मऊ करायचा. दोन दिवसांचं शिबिर असतं. लोक शेवटी टाळ्या वाजवतात.

माझे थेट साहेब मागच्या शिबिरात पहिल्या रांगेत बसले होते. हुशार माणूस, सगळं वहीत उतरवून घेत होते. त्याआधी चार वर्षांत त्यांनी मला कामाशिवाय एक शब्द विचारला नव्हता.

काल सकाळी ते माझ्या केबिनपाशी थांबले. मोबाईल खिशात ठेवला. माझ्या डोळ्यांत बघून हसले आणि मऊ आवाजात म्हणाले, "काय, बाबांची तब्येत कशी आहे आता?"

मी त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिले. काहीच सापडलं नाही.

"बरी आहे सर," मी म्हटलं.